साठ नव्हे, एकसष्ट

जॉर्डनमधल्या आमच्या मादबा गावात उस्ताद मित्रींना गाडीत घ्यायला कोणी टॅक्सीवाला राजी नसतो. माणूस स्वच्छ आहे, शर्टाला इस्त्री असते, भाडं सुटं काढून तयार ठेवतो, दार हळू लावतो. तरीही ते फुटपाथच्या कडेला हात वर करून उभे दिसले की येणाऱ्या टॅक्सीवाल्याला समोरच्या चर्चचं घंटाघर एकदम प्रेक्षणीय वाटू लागतं आणि तिकडे बघत बघत तो निघून जातो.

कारण उस्ताद पुढच्या सीटवर बसतात आणि मोजतात.

"तुमचा वेग सत्तर," ते ड्रायव्हरला अदबीने सांगतात. "थांबायला सत्तेचाळीस मीटर लागतील. पुढची गाडी बारा मीटरवर आहे. तो आत्ता कशाला धडकून जागच्या जागी थांबला, तर उरलेले पस्तीस मीटर आपण त्याच्या डिकीतून जाणार."

"अहो उस्ताद, तो कशाला थांबेल? त्यालाही घरी जायचंय."

"थांबायचं ठरवून कोणी थांबत नाही. म्हणूनच अंतर ठेवायचं."

तरुणपणी अम्मानजवळच्या एका घरी ते मुलगी बघायला गेले होते. मुलगी पसंत, घर पसंत, पाहुणचार उत्तम. निघताना मुलीच्या बापाने सौजन्याने स्वतःच्या गाडीतून मादब्यापर्यंत सोडलं. सोयरीक त्या गाडीतच मोडली. पुढे उस्तादांनी लग्नाचा विषय काढला नाही आणि गावातल्या लग्नाच्या वरातींनीही त्यांना गाडीत घेतलं नाही. ते लग्नघरी चालत जातात आणि वरातीच्या आधी पोचतात. कारण वरातीला वाटेत कुठेतरी एकमेकांच्या दिव्यांच्या काचा गोळा करत थांबावं लागतं.

स्वतः गाडी का चालवत नाहीत, असं कोणी विचारलं तर ते खरं तेच सांगतात. तीन वेळा परीक्षेत नापास झाले. तिन्ही वेळा कारण एकच. लाल दिवा दिसला की ते थांबत, पण इतक्या लांब की पहिल्या खेपेला परीक्षकाला वाटलं गाडी बंद पडली. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "उस्ताद, सिग्नल जरा माझ्या दृष्टीच्या टप्प्यात तरी येऊ द्या."

उस्ताद म्हणजे आमच्याकडे मास्तर. मुलांच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. शिकवलं काय, एकच गणित वेगवेगळे आकडे घालून घातलं. एक गाडी, एक भिंत, ब्रेक कधी दाबायचा? माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी ते घातलं. मुलं ते जेवताना मोठ्याने म्हणत, त्यामुळे मलाही पाठ झालं. पहिल्या सेकंदात काहीच घडत नाही. डोळ्याने पाहिलेलं असतं, पायाला अजून निरोप पोचलेला नसतो, आणि गाडी आपल्या मूळ वेगाने पुढे जात असते. मग ब्रेक लागतो. ब्रेक लागल्यावर किती जाणार? वेगाला वेगानेच गुणायचं आणि मंदनाच्या दुपटीने भागायचं. म्हणून वेग दुप्पट केला तर हे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. एवढंच. त्यांचे विद्यार्थी पुढे मोठे झाले. एक हृदयाचा सर्जन आहे, दोघे आखातात इंजिनियर आहेत, उरलेले गावात गाड्या चालवतात. ती भिंत नंतर अभ्यासक्रमातून काढून टाकल्यासारख्या चालवतात.

या माणसाच्या सख्ख्या भाच्याने, रकानने, बेकरीजवळ हाज्ज मिफ्लेहना उडवलं.

रकान टोमॅटोची पिकअप चालवायचा. वय चोवीस, बाप नाही, आई उम्म रकान आमच्याच जिन्यात खालच्या मजल्यावर. घर त्या पिकअपवर चालायचं. बेकरीचा रस्ता चढाचा. हाज्ज मिफ्लेह पाव घेऊन दोन उभ्या गाड्यांमधून रस्त्यावर आले. रकानने ब्रेक दाबला, गाडी घासत आली, हाज्जींचा पाय दोन ठिकाणी मोडला. पाव सगळीकडे. बेकरीवाल्याने पोलिसांना सांगितलं की आपण फक्त पाव पाहिले.

त्या दिवसापासून रकानच्या गाडीचा वेग रोज बदलू लागला. गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती, तरीही. उम्म रकानच्या म्हणण्याप्रमाणे ती तीसने चालली होती आणि थांबायच्याच बेतात होती. हाज्जींच्या घरचे एकशेवीस म्हणत. सलूनमध्ये तो आकडा एकशेचाळीस झाला आणि हाज्जी बेकरीच्या पाटीवरून उडाले. पाटी चांगली उंच आहे. हाज्जींना हे कळलं तेव्हा, त्यांची बायको विदाद सांगत होती, ते अंथरुणात जरा ताठ बसले. तीसच्या गाडीने पाय मोडून घेणं हे कोणत्याही इभ्रतदार माणसाला शोभत नाही.

पोलिसांनी रकानला ठेवून घेतलं. शिक्षा म्हणून नव्हे, त्याच्याच जिवाच्या काळजीने. ही काळजी दोन्ही घरांचा सलोखा होईपर्यंत चालते. सलोखा झाला की जखमीच्या घरचे कागदावर सही करतात आणि मुलगा घरी येतो. नाही झाला तर कोर्ट, मग लायसन्स, मग पिकअप. टोमॅटो तर तोवर गेलेच होते, उन्हाने आणि शेजाऱ्यांनी.

हाज्जींचे थोरले भाऊ अबू अरेफ हे त्या घरातले बोलणारे. त्यांनी निरोप पाठवला: "आम्ही पाय विकत नाही. एक दिनार नको. फक्त गाडी एकशेवीसवर होती हे सलोख्याच्या कागदावर कबूल करा." गावाने त्यांच्या दिलदारीचं कौतुक केलं. उम्म रकानने कपाळाला हात लावला. एकशेवीस कबूल केले तर मुलाला पुन्हा कोणी सायकलसुद्धा चालवू देणार नव्हतं.

तेव्हा उस्ताद माझ्याकडे आले आणि शिवणाची फीत मागितली.

ती दीड मीटरची. टायरच्या खुणा अजून रस्त्यावर काळ्या होत्या. त्या मोजायला ती फीत तेरा वेळा टाकावी लागली, भर रस्त्यात, ओणवं होऊन. दोन्हीकडच्या गाड्या कर्कश हॉर्न वाजवत होत्या. एका बसवाल्याने विचारलं, "उस्ताद, रस्त्याला पँट शिवताय का?"

"तुम्ही माझ्यापासून चार मीटरवर थांबलात," उस्ताद वर न बघता म्हणाले. "आज नशीब चांगलं आहे. माझं."

खुणा एकोणीस मीटर भरल्या. त्यांनी फळी आणि पाण्याची बाटली आडवी ठेवून रस्त्याचा चढ काढला, शंभराला सहा. डांबर कोरडं. संध्याकाळी ते जिन्यात बहिणीच्या दारात उभे राहिले. मी वरून कठड्याला टेकून ऐकत होते. ऐकू नये असं काही आमच्या जिन्यात कोणी बोलत नाही.

"एकसष्ट," उस्ताद म्हणाले.

"तीस," उम्म रकान म्हणाली.

"आधी साधा रस्ता धरला तर अठ्ठावन्न येतात. पण चढावर गाडी लवकर थांबते. म्हणजे तेवढ्याच खुणा उमटायला ती आधी जास्त जोरात असायला हवी. एकसष्ट."

"त्याने मरियमची शपथ घेऊन सांगितलंय, तीस."

"खुणा मरियमने नाही उमटवल्या, बाई. टायरने उमटवल्या."

"तिथे वेगाची पाटी कितीची आहे?"

"चाळीसची."

उम्म रकानने पाटीचा विषय तिथेच सोडला. मग म्हणाली, "शुक्रवारी जाहा जाणार आहे. अबू खलफ बोलणार आहेत. तू मुलाचा मामा. तू दिसला नाहीस तर ते म्हणतील मामालाच भाच्याची लाज वाटते. म्हणून तुला न्यावं लागतंय. पण मित्री, तिथे तोंड उघडलंस तर मला भाऊ नव्हता असं मी धरून चालेन."

"नाही उघडणार."

"मनातल्या मनातही मोजू नकोस."

"ते माझ्या हातात नाही," उस्ताद म्हणाले.

जाहा म्हणजे गावातल्या वजनदार पुरुषांनी घोळक्याने कोणाच्या तरी दारी जाऊन अपराध पोटात घालायची विनंती करणं. त्या दिवशी चाळीसेक होते, त्यांतले निम्मे रकानला ओळखतही नव्हते. पण जाहात दिसलं की माणूस वजनदार आहे हे सिद्ध होतं. पुढे अबू खलफ, पांढऱ्याशुभ्र मिशा, असल्या कामांत मुरलेले. मागे आमचे पाद्रीबाबा, वरच्या मोहल्ल्यातले दोन हाज्जी, आणि सर्वांत शेवटी उस्ताद, ओठ शिवल्यासारखे मिटून.

मी हाज्जींच्या घरी आतल्या खोलीत बायकांबरोबर होते. विदाद आणि मी नन्सच्या शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे मला दोन्ही बाजूंना जागा होती. उम्म रकान माझ्या शेजारी. दार चार बोटं उघडं. हाज्जी दिवाणखान्यात कोपऱ्यात गादीवर, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून, इतक्या उंच की कोणाच्या नजरेतून सुटू नये.

कॉफी आली. अबू खलफनी रीतीप्रमाणे आपला पेला न पिता पुढ्यात ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय जाहा कॉफीला ओठ लावत नाही. मग ते बोलले: गाडी लोखंडाची, माणूस मातीचा, दोघांची ओढ वरच्याच्या हातात, जे लिहिलेलं होतं ते घडलं. बेकरी, चढ, ब्रेक यांचा उल्लेख नव्हता. भाषण फार सुंदर झालं.

आता अबू अरेफची पाळी. एरवी हे सगळं दिनारांत चालतं. जखमीच्या घरचा माणूस आधी डोंगराएवढी रक्कम मागतो, मग देवासाठी इतके सोडले, पैगंबरासाठी इतके, पाहुण्यांसाठी इतके, असं करत शून्यावर येतो आणि म्हणतो, घ्या कॉफी. पण पैशाला शिवणार नाही असं अबू अरेफ आधीच जाहीर करून बसले होते. आता चाळीस माणसांसमोर उदार व्हायचं, आणि सोडायला हातात काहीच नाही. माणूस मोठा अडचणीत होता. पण हुशार.

"मी सांगतो," ते म्हणाले, "गाडी एकशेसाठवर होती."

जाहातल्या माना गंभीरपणे हलल्या. ती पिकअप नेबो डोंगराच्या कड्यावरून ढकलली असती तरी एकशेसाठवर गेली नसती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"पण देवासाठी मी चाळीस सोडले."

"देव तुमचं भलं करो," चाळीस आवाज.

"पैगंबरासाठी तीस सोडले."

"त्यांच्यावर शांती असो."

"आमच्या सर्वांच्या ईसांसाठी, आणि पाद्रीबाबा आमच्या घरी पायी आले त्याखातर, वीस."

पाद्रीबाबांनी छातीवर हात ठेवला. उम्म रकान माझं मनगट घट्ट धरून बसली होती. सत्तर. "उतरतोय," ती पुटपुटली, "उतरतोय गं."

"अबू खलफच्या मिशांसाठी दहा." थोडं हसू पसरलं. साठ. अबू अरेफनी मोठा श्वास घेतला, दोन्ही हात पसरले. उरलेले सगळेच्या सगळे ते आता एका दमात सोडणार होते, गाडी शून्यावर येणार होती, आणि रकान संध्याकाळी घरी जेवणार होता. "आणि हे उरलेले साठ—"

"साठ नव्हे," मागून आवाज आला. "एकसष्ट."

शेवटच्या खुर्चीपाशी उस्ताद उभे होते. घसा कोरडा पडला असावा. त्यांनी पुढ्यातला पेला उचलला आणि कॉफी पिऊन टाकली.

अबू खलफनी डोळे मिटले. उम्म रकानने आपल्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

"उस्ताद," अबू अरेफ अतिशय सावकाश म्हणाले, "मी अजून कमीच करत होतो."

"कमी नको. एक वाढवा. तुम्ही साठवर आलात तेव्हा मला वाटलं तुम्ही मोजूनच आला आहात. फक्त चढ धरायचा राहिला असेल."

"याला बसवा कोणीतरी," अबू खलफ म्हणाले. मागणी वाढवून मागणारा पाहुणा त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला असावा.

"राहू द्या," कोपऱ्यातून हाज्ज मिफ्लेह म्हणाले. एवढ्या गर्दीत त्यांचा आवाज कोणी प्रथमच ऐकत होतं. पाय त्यांचा होता, तरी आतापर्यंत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. "एकसष्ट कशावरून?"

उस्तादांनी सांगितलं. खुणा, चढ, डांबर. शाळेत सांगत तसंच, घाई न करता.

"मी त्याला दिसलो तेव्हा तो किती लांब होता?"

"बत्तीस मीटर. पहिल्या सेकंदात सतरा गेले, पाय ब्रेकवर पोचेपर्यंत. मग पंधरा घासत. तिथे तुम्ही होतात. पुढे आणखी चार."

"आणि चाळीसने असता तर?"

मी उम्म रकानकडे पाहिलं नाही. दाराच्या फटीतून उस्तादांचा चेहरा दिसत होता. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं की बसायचं, हे त्यांना ठरवता आलं असतं. बसायला खुर्चीही होती.

"चाळीसने एकोणीस मीटर लागले असते," ते म्हणाले. "तुमच्यापासून बारा-तेरा मीटर अलीकडे थांबला असता. तुम्ही त्याला शिव्या घातल्या असत्या आणि पाव गरम असताना घरी पोचला असतात."

"मामा आहे हा त्याचा," कोणीतरी हळूच म्हणालं. "वैरी परवडला."

"पण हाज्जी," उस्ताद थांबेनात, "तुम्ही दोन गाड्यांमधून बाहेर पडताना चढाच्या बाजूला बघितलंत, उताराच्या बाजूला नाही. गाडी उताराकडून वर येत होती."

"हे मात्र खरं," आतून विदाद मोठ्याने म्हणाली. "लग्न झाल्यापासून कधी दोन्हीकडे बघितलेलं नाही यांनी."

दिवाणखान्यात कोणी हसलं नाही, पण बऱ्याच जणांना खोकला आला.

हाज्जी आपल्या पायाकडे बघत होते. "पडल्यापासून," ते म्हणाले, "जो येतो तो मला सांगतो, लिहिलेलं होतं. पाद्री सांगतो, इमाम सांगतो, माझा भाऊ सांगतो. केळी आणतात आणि सांगतात लिहिलेलं होतं. हा पहिला माणूस म्हणतो, चालवलेलं होतं."

"भाऊ, मी सगळं सोडतोच आहे," अबू अरेफ म्हणाले.

"तू एकशेसाठ सोडलेस. ते माझे नव्हतेच. मला लागले एकसष्ट, आणि ते मी सोडत नाही."

उम्म रकानच्या घशातून एक बारीक आवाज निघाला.

"मुलाला सोडतो," हाज्जी म्हणाले. "कागद आणा, अंगठा नको, सही करतो. मुलगा घरी जाऊ दे. एकसष्ट मात्र कागदावर राहतील. आणि दर मंगळवारी मला हॉस्पिटलात पायाच्या व्यायामाला जायचंय, माझे मुलगे कामात असतात, त्यांना केळी आणायची असतात. तो मला नेईल. चाळीसने. आणि हा उस्ताद बरोबर बसेल."

जाहाने कॉफी प्याली. सगळ्यांच्या पेल्यांत ती गार झाली होती, एक सोडून. अबू खलफ निघताना दारात म्हणाले की एकंदरीत भाषणाचा चांगलाच परिणाम झाला.

रकान त्याच रात्री सुटला. चार दिवसांनी मी जिन्यात भाजी निवडत बसले होते तेव्हा उम्म रकान भावाशी बोलली. अजून भाऊ धरायला तयार नव्हती, पण भांडायला कोणीतरी लागतंच.

"शून्यावर आणत होता तो. एक श्वास थांबला असतास तर शून्यावर आली असती गाडी."

"शून्यावर गाडी उभी असते," उस्ताद म्हणाले. "उभ्या गाडीला माफी कशाची मागायची?"

"गणितात कच्ची आहे मी."

"तू नाहीस. तुझा मुलगा आहे."

रकान दारातच होता. तो म्हणाला, "मामा, मी खरंच तीसच बघितलं होतं काट्यावर."

"केव्हा?"

रकान विचारात पडला. "धडकलो तेव्हा," तो म्हणाला.

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मला आश्चर्य वाटलं, कारण ते हसले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "हाज्जींपाशी आलास तेव्हा अठ्ठावीस होता. काटा तू चांगला वाचतोस. फक्त उशिरा वाचतोस."

मंगळवारी पिकअप माझ्या गॅलरीखालून जाते. तीन माणसं पुढे दाटीने बसलेली, मधे हाज्जींचा पाय. चाळीस म्हणजे चाळीस. मागे बेकरीपासून शाळेपर्यंत गाड्यांची रांग लागते. हॉर्न, शिव्या, खिडकीतून बाहेर आलेले हात. हाज्जींना हे फार आवडतं. त्यांनी अर्धा पाय बरा झाल्याचं घरी सांगितलेलं नाही, असं विदाद म्हणते. उम्म रकान अजून सगळ्यांना तीसच सांगते. अबू अरेफची नातवंडं एकशेसाठ सांगतात. काल मी गॅलरीतून विचारलं, "काय रकान, किती?"

त्याने आधी काट्याकडे पाहिलं. मग समोर, मग पुन्हा काट्याकडे. "एकोणचाळीस, काकू," तो म्हणाला, आणि पुढे उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या बऱ्याच अलीकडे, उस्तादांनी काही म्हणायच्या आधी, त्याने ब्रेकवर पाय ठेवला.